पाठीवरची नदी

आधी माझी चूक सांगून टाकतो. ती सांगितल्याशिवाय गोविंदरावांबद्दल एक ओळही लिहायचा मला अधिकार नाही. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर टपाल तिकिटं जमवली. लॅटव्हिया नावाच्या, बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या एका लहानशा देशाची, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, रोजच्या पत्रांवर लागणारी साधी तिकिटं. त्यातली सर्वांत मोलाची तिकिटं मी एका पाटीवर कायमची चिकटवून घेतली, काचेत बंद केली आणि त्यांच्याच वाढदिवसाला त्यांना भेट दिली. वर लोकांच्या टाळ्याही घेतल्या. घरातले सगळे आजवर म्हणत आले की जावयाला बिचाऱ्याला काय कळणार, त्याला माहीत नव्हतं. मीही ते म्हणू दिलं. पण मला माहीत होतं.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी बालाघाटच्या कोर्टात एका अशिलाचा माफीनामा तयार करत होतो. शेजाऱ्याला त्यानं भर रस्त्यात शिव्या घातल्या होत्या. ‘बिनशर्त माफी’, ‘मनापासून खेद’... असली वाक्यं मी झोपेतही लिहू शकतो. अशील वाचून म्हणाला, “वकीलसाहब, मन से तो नहीं मांगना पड़ेगा ना?” मी म्हणालो, “नहीं, सिर्फ दस्तखत करना है.” तेवढ्यात माझ्या बायकोचा, सुनीताचा, फोन आला. “बाबा गेले...” एवढंच ती म्हणाली. मी तो कागद अशिलापुढे सरकवला, त्यानं सही केली, आणि मग मी उठलो. सासरा गेल्यावरही मी आधी सही घेतली. मी कसला माणूस आहे हे यावरून कळावं.

पुढे शोकसभा झाली. ज्यांना गोविंदरावांनी जिवंतपणी दारातूनच परत पाठवलं असतं, ते सगळे पहिल्या रांगेत होते. एकानं त्यांना ‘छंदवेडा ऋषी’ म्हटलं. एकानं त्यांचं नाव चुकवलं आणि शेवटपर्यंत चुकवत राहिला. एक निवृत्त प्राचार्य तर फारच रंगात आले. लॅटव्हियाच्या काही तिकिटांच्या कागदात स्वस्तिकाची खूण दाबलेली असते, उजेडात किंवा पेट्रोलच्या थेंबाखाली ती दिसते, एवढं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. त्यावरून आपली संस्कृती बाल्टिक समुद्रापर्यंत पोचली होती हे गोविंदरावांनी जगाला सिद्ध करून दाखवलं, असं त्यांनी ठोकून दिलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. शोकसभेत! याच गृहस्थांनी एकदा घरी येऊन हेच म्हटलं होतं, तेव्हा गोविंदराव शांतपणे म्हणाले होते, “तिकडच्या बायका विणकामात ती खूण जुन्या काळापासून घालतात, सर. सगळं जग आपल्याच घरून गेलं काय? मग भूगोल बंद करा अन् वंशावळ शिकवा.” प्राचार्य चहा अर्धा टाकून गेले होते. बदला घ्यायला ते माणूस मरण्याची वाट पाहत होते, आणि मी खाली बसून मान डोलावत होतो.

घरी वेगळीच कुजबुज होती. माझा मेव्हणा आल्यागेल्याला सांगत होता, “शेवटी शेवटी बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जवाईबापूंले रागवत होते, बोला!” सासूबाई पदरानं तोंड झाकून घेत. आमच्याकडे जावयाला कोणी रागवत नाही. त्याचं ताट आधी वाढलं जातं, त्यानं भाजीला नाव ठेवलं तर भाजी चुकलेली असते. अशा घरात गोविंदराव शेवटच्या दिवसांत मला “मठ्ठा”, “गोळी अशी देतात काय रे?” असं सगळ्यांसमोर म्हणू लागले, ते लोकांना भ्रमिष्टपणाचं लक्षण वाटलं. त्यांचं डोकं शेवटपर्यंत त्या घरातल्या कोणाहीपेक्षा चांगलं चालत होतं. त्या रागावण्याला कारण होतं, आणि ते कारण मी होतो.

गोविंदराव सरकारी शाळेत भूगोल शिकवत, आधी किरनापुरला, मग बालाघाटला. त्यांचं माणसांबद्दलचं मत वाईट होतं आणि ते लपवायची तसदी ते घेत नसत. कोणा पोरानं नकाशा काढून दाखवला की विचारत, “हा नकाशा हाय का दिवाळीची रांगोळी?” फुलपाखरांची, आगगाड्यांची, खेळाडूंची रंगीत तिकिटं जमवणाऱ्यांची त्यांना विशेष कीव यायची. “ते लग्नातले फोटो,” म्हणत. “देश कसा हाय ते त्याच्या रोजच्या कपड्यात दिसते.” रोजचं तिकीट, वर्षानुवर्षं तेच चित्र, तोच लहान आकार, तेच त्यांना हवं असे.

मी त्यांना मामाजी म्हणत असे; आमच्या भागात सासऱ्याला तसंच म्हणतात. जावई असल्यामुळे मला मात्र ते थेट काही बोलू शकत नव्हते. मग ते सासूबाईंमार्फत बोलत. मी समोर पाटावर बसलेलो असे आणि ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, “अवं, इचार जवाईबापूंले, आज कोणाचं खोटं खरं केलं?” सासूबाई खरंच बाहेर येऊन लाजत विचारत, “काम बरं चाललंय ना, बापू?” मी म्हणायचो, “हो, बरं चाललंय.” तिघांनाही सगळं ऐकू आलेलं असे.

त्यांच्याकडे ही तिकिटं आली ती भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतून. त्यांचे वडील तिथे कारकून होते. तिथला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना जुन्या पाकिटांनी भरलेला बिस्किटांचा डबा यांच्या घरी टाकून गेला. त्यात काही लाल तिकिटं होती. उगवता सूर्य, त्याच्यापुढे तीन कणसं. बालाघाटातला कोणीही ते चित्र पाहून पहिल्यांदा म्हणतो, धानाच्या लोंब्या आहेत. “तिकडं धान पिकत नाही,” मामाजी म्हणत, “पण आपल्या डोळ्याले तांदळाशिवाय दिसते काय?” पुढे लॅटव्हियाची राजधानी रीगा, बर्लिन, कुठकुठल्या संग्राहकांशी त्यांनी पत्रव्यवहार केला, आपल्याकडच्या जुन्या संस्थानांची तिकिटं त्यांना पाठवून बदल्यात ही मागवली. आणि आणल्यावर ती ठेवली उलटी. अल्बमच्या पारदर्शक पट्ट्यांत सगळी तिकिटं पालथी, चित्र खाली, पाठ वर. गावात त्यावरून थट्टा होई. ‘उलट्या तिकिटवाले मास्तर’ म्हणत त्यांना. त्या थट्टेत सगळ्यांत जोरात हसणारा त्यांचा जावई असे, अर्थात त्यांच्या माघारी.

एकदा दुपारी मी एकटाच त्यांच्याकडे गेलो होतो. टेबलावर काळी बशी, पेट्रोलची लहान बाटली, चिमटा. सासूबाई घरात नव्हत्या, त्यामुळे त्यांना नाइलाजानं माझ्याशीच बोलावं लागलं. त्यांनी एक तिकीट चिमट्यानं बशीत पालथं ठेवलं, वर थेंब टाकला. ओल्या कागदात स्वस्तिकं उमटली आणि बघता बघता पेट्रोल उडून नाहीशी झाली. मग ते म्हणाले, “तोंड सगळ्यांचं सारखंच असते. फरक पाठीत हाय.” आणि त्यांनी लाल सूर्याच्या तिकिटांचं पान माझ्यापुढे केलं.

पहिलं युद्ध संपलं आणि लॅटव्हिया हा नवा देश झाला तेव्हा तिकिटं छापायला तिथे कागदच नव्हता. जर्मन सैन्य जाताना आपले लष्करी नकाशे मागे टाकून गेलं होतं. नकाशाची मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर त्यांनी आपलं पहिलं तिकीट छापलं. म्हणून त्या प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर नकाशाचा एक तुकडा आहे. कुठे जंगलाचे ठिपके, कुठे रस्ता, कुठे अर्धंच गावाचं नाव. “ज्यानं देश तुडवला त्याच्याच नकाशावर यांनी आपला सूर्य छापला,” मामाजी म्हणाले. जगभरच्या लोकांकडून एकेक तुकडा मागवून, पाठी जुळवत जुळवत, त्या पानावर त्यांनी एका नदीचं वळण जमवलं होतं. वळणाच्या पोटात एक गाव, गावात चर्चची खूण. मधला एक तुकडा मात्र नव्हता, तिथे नदी तुटत होती. मला वाटलं काहीतरी बोलावं. म्हणालो, “आपल्या वैनगंगेसारखी दिसते.” ते म्हणाले, “ज्याले सगळ्या नद्या सारख्या दिसतात त्याले भूगोल येत नाही.” मग एकदम आठवून पुढे जोडलं, “...बापू.”

एवढं त्यांनी सांगितलं, एवढं मी ऐकलं. नीट ऐकलं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, तिच्यावरच मी पोट भरतो.

त्यानंतर काही महिन्यांनी मी माझ्या वकीलमित्रांना सासरी जेवायला नेलं. सासूबाईंच्या हातचं खाऊ घालून भाव खायचा होता. जेवताना आम्ही आमच्या खटल्यांच्या बढाया मारत होतो. मामाजी वाढत होते. ते दारात थांबून आत म्हणाले, “अवं, इचार यायले, यातल्या एकानं तरी अशिलाचा कागद उलटून मागून वाचला काय कधी?” मित्र खो खो हसले. मीही हसलो. नुकताच मी एक खटला एवढ्याचसाठी हरलो होतो. कागदाच्या मागच्या बाजूची नोंद मी वाचलीच नव्हती. त्यांना ते ठाऊक होतं की नुसताच बाण लागला, कोण जाणे. मी मात्र ते मनात ठेवलं. लहान माणसं असल्याच गोष्टी मनात ठेवतात.

त्यांची पंचाहत्तरी आली. मी जाहीर केलं की खर्च माझा, आणि एक खास भेटही माझी. ते एका लग्नाला किरनापुरला गेले तेव्हा मी सासूबाईंकडे तिकिटांचा अल्बम मागितला. जावयानं मागितलं, त्या नाही कशा म्हणणार? “यायनं इचारलं तर काय सांगू?” एवढंच त्या पुटपुटल्या. मी तो वारासिवनीच्या एका फ्रेमवाल्याकडे नेला. नदीचं पानच काढून दिलं, कारण लाल सूर्यांच्या रांगा काचेत छान दिसल्या असत्या. फ्रेमवाल्यानं तिकिटं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “वकीलसाहब, इनके पीछे नक्शा-सा कुछ छपा है. चिपका दूँ?”

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. त्याच्या दुकानात पंखा फिरत होता, भिंतीवर देवांचे फोटो ओळीनं लटकत होते, आणि मला नकार द्यायला सगळा वेळ होता. मी म्हणालो, “चिपका दो. पीछे कौन देखता है?”

पंचाहत्तरीला पाहुण्यांच्या हस्ते फ्रेमवरचं कापड काढलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मामाजींची तिकिटं सरळ, चित्र वर, सूर्यच सूर्य. लोक म्हणाले वा, आता कुठे कळलं मास्तर काय जमवत होते. मामाजी खुर्चीतून उठले, फ्रेमजवळ गेले, काचेवर बोट टेकवलं. मग फ्रेम जराशी भिंतीपासून ओढून मागे डोकावून पाहिलं. मागे प्लायवूड होतं... ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता स्फोट होणार, आणि खरं सांगायचं तर मला तो हवा होता. लोकांसमोर त्यांचा तोल जावा, म्हणजे मी बिचारा ठरावं. ते म्हणाले, “छान दिसते, बापू.” आणि पंगतीत पहिलं ताट त्यांनी स्वतःच्या हातानं मला वाढलं.

त्यानंतर टेबलावरची काळी बशी गेली, पेट्रोलची बाटली गेली. टेबलावर सासूबाई भाजी निवडू लागल्या. मला वाटलं, बरं झालं, म्हातारा सुटला एकदाचा त्या नादातून. असं मी सुनीताला म्हणालोसुद्धा. पुढे एकदा बैठकीत बसलो असताना फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातलं एक तिकीट फाटलेलं दिसलं. सूर्याचा वरचा पापुद्रा निघून आला होता, पाठ पाटीवरच चिकटून राहिली होती. कोणीतरी काच काढून पाण्यानं ते सोडवायचा प्रयत्न केला होता. फ्रेमवाल्याचा पांढरा गोंद पाण्यानं सुटत नाही. ते पाहून मला काय वाटलं असेल? मला राग आला. इतक्या हौसेनं दिलेली भेट, धड सांभाळताही येत नाही! अशा माणसाला कोर्टात लोक विद्वान मित्र म्हणतात.

आता ती फ्रेम माझ्या ऑफिसात आहे. सासूबाई म्हणाल्या, तुम्हीच दिली होती, तुम्हीच न्या. फाटका कोपरा मी दुरुस्त करून घेतलेला नाही. टेबलावर मामाजींच्या चष्म्याची डबी आहे, तिच्यात एक सुटं तिकीट आहे, पालथं. कोणा अशिलाचा कागद हातात आला की मी आधी तो उलटून मागची बाजू पाहतो. अशील म्हणतात, वकीलसाहब, पीछे कुछ नहीं है. मी तरी पाहतो.

ते तिकीट मला मिळालं ती दुपार सांगून थांबतो. थंडीचे दिवस होते. मामाजींनी अंथरूण धरलं होतं, त्यांची खाट बैठकीत आणली होती, बरोबर त्या फ्रेमच्या खाली. सासूबाई मागच्या अंगणात उन्हात बसल्या होत्या. मी खुर्चीत बसून मोबाइल पाहत होतो.

“बापू, माह्या चष्म्याची डबी उघडा.”

मी उघडली. चष्मा पुसायच्या फडक्याखाली पारदर्शक कागदाची पुडी होती. आत लाल तिकीट, पालथं. पाठीवर एक बारीक रेघ वाकत जात होती.

“रीगाहून आलं,” ते म्हणाले. “तुमची फ्रेम लागली, त्याच्या पुढच्या वर्षी.”

मी ओळखलं. नदी जिथे तुटत होती तिथला तुकडा होता तो.

“कुठं लावू?” ते म्हणाले.

मी पुडीची घडी परत घालू लागलो.

“नाही, सांगा ना. तुम्ही शिकलेले आहा. मले हे कुठं लावता येईन?”

इतकी वर्षं वापरलेलं वाक्य तोंडात तयारच होतं. “मामाजी, त्या वेळी मला खरोखर कल्पना नव्हती की...”

त्यांनी हात वर केला. वर्गात गडबड करणाऱ्या पोराला गप्प करायचा तसाच तो वर झाला.

“मी गेलतो त्या फ्रेमवाल्याकडं. वारासिवनीले. गोंद कसा सुटन ते इचाराले. सुटत नाही म्हणे. अन् मग त्यानं सांगतलं, मी वकीलसाहेबाले इचारलं होतं. ते म्हणाले, पीछे कौन देखता है...”

बाहेर सासूबाई कोणाशी तरी बोलत होत्या. मी डोक्यात हिशेब करू लागलो, ते कधी गेले असतील, तेव्हापासून किती दिवाळ्या, किती पंगती, किती वेळा याच माणसानं माझं ताट आधी वाढलं. हिशेब लागेना. हे वाक्य घशाशी धरून ते मला “अजून एक पोळी घ्या, बापू” म्हणत होते.

“मंग काहून नाही बोलले मला, मामाजी?” माझ्या तोंडून आलं. त्यांच्यापुढे मी कायम पुस्तकी मराठी बोलायचो. त्या वेळी ती निम्मीच आली.

“जवाई होतास ना.” ते छताकडे पाहत होते. “जवायाले काय बोलावं माणसानं? आता मी मराले टेकलो. आता मी बोलतो. अन् तू बी आता जवाईपण उतरव अन् बोल. माहीत होतं का नव्हतं?”

माफीनाम्यांची सगळी वाक्यं मला पाठ होती. खेद आहे. गैरसमजातून झालं. हेतू तसा नव्हता. त्यातलं एकही त्या खाटेशेजारी उभं राहीना. हातातल्या पुडीत नदीचा तो तुकडा होता, डोक्यावर काचेत सूर्यांच्या रांगा होत्या. मी खुर्चीतून उठलो आणि खाली, त्यांच्या उशाशी जमिनीवर बसलो.

“माहीत होतं, मामाजी. तुम्ही सांगतलं होतं, मी ऐकलं होतं. तुमच्यावर राग होता मले, म्हणून चिकटवाले सांगतलं. चुकलं माझं... चुकलं.”